फोल्डिंग सायकलची घरगुती देखभाल: सांधे, लहान चाकं आणि केबल

साध्या सायकलला होणारे बिघाड फोल्डिंग सायकललाही होतात, आणि ते कोपऱ्यावरचा सायकलवाला डोळे मिटून दुरुस्त करून देतो. फोल्डिंगचं वेगळेपण तीन जागी आहे: दुमडणारे सांधे, लहान चाकं आणि दर घडीला वाकणाऱ्या केबल. बहुतेक तक्रारींचं मूळ या तिन्हींपैकी एकात सापडतं. नेमकी हीच कामं नेहमीच्या दुकानात राहून जातात, कारण तिथल्या कारागिराच्या हाताखालून अशा सायकली फारशा जात नाहीत. म्हणून ती मालकाने स्वतः शिकून घ्यावीत. यातल्या बहुतेक कामांना खास हत्यार लागत नाही, लागतं ते नीट पाहणं.

इथली मापं सर्वांत जास्त दिसणाऱ्या प्रकाराची आहेत: २० इंची चाकं, मधोमध दुमडणारी फ्रेम, दुमडणारा हँडलपोस्ट (हँडल धरणारा उभा दांडा), मागे ६ किंवा ७ गिअर आणि व्ही-ब्रेक (रिमला दोन बाहूंनी दोन्हीकडून दाबणारे). डाहोन, टर्न, डिकॅथलॉन यांची बरीच मॉडेलं याच घडणीची आहेत. १६ इंची ब्रॉम्प्टनची घडी आणि तिचे बरेचसे सुटे भाग वेगळे असतात. सांधे तपासायची पद्धत तिलाही लागू पडते, सुटे भाग मात्र तिचेच घ्यावे लागतात.

हाताशी काय ठेवायचं

४, ५ आणि ६ मिमीच्या अ‍ॅलन की, ८, १० आणि १५ मिमीचे पाने, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, गेज असलेला पंप, प्लास्टिकचे टायर लिव्हर, पंक्चरचं सामान, चेनचं तेल, थोडं लिथियम ग्रीस, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, ३० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, टॉर्च, जुना टूथब्रश आणि सुती चिंध्या. एवढ्यात वर्षभराचं काम भागतं. अ‍ॅलन की स्वस्तातल्या घेऊ नका. त्यांच्या कडा झिजतात आणि बोल्टचं षटकोनी भोक गोल करून ठेवतात, मग तो बोल्ट ड्रिल करून काढावा लागतो.

फ्रेमची बिजागरी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फ्रेमच्या दोन अर्ध्या भागांना सपाट तोंडं असतात. एका कडेला पिन, दुसऱ्या कडेला लिव्हर. लिव्हर बंद केली की दोन्ही तोंडं एकमेकांवर ओढली जातात. सांध्याची ताकद पिनेत किंवा लिव्हरमध्ये नसते, ती या दोन तोंडांवरच्या दाबात असते. दाब कमी पडला की प्रत्येक पेडलला तोंडं केसभर सरकतात, घासून गुळगुळीत होतात, पिनेचं भोक मोठं होतं आणि दाब आणखी कमी होतो. ढिला सांधा असा स्वतःलाच ढिला करत जातो. म्हणून ‘थोडंसंच हलतंय’ म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

तपासणी आठवड्यातून एकदा करा. सायकल उघडून उभी करा, पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताचं बोट बिजागरीच्या फटीवर आडवं ठेवा आणि सायकल पुढे-मागे ढकला. बोटाखाली किंचित जरी ‘टक’ लागली तर सांधा सैल आहे. मग एक हात सीटवर आणि एक हँडलपोस्टच्या बुडाशी ठेवून फ्रेम आडवी पिळून पाहा. काही सांधे पुढे-मागे घट्ट वाटतात आणि पिळल्यावरच आपली ढिलाई दाखवतात.

सैल सांधा असा घट्ट करा:

१. लिव्हर पूर्ण उघडा. दोन्ही तोंडं अल्कोहोल लावलेल्या चिंधीने पुसा. वाळूचा एक कण जरी मध्ये राहिला तरी तोंडं सपाट बसत नाहीत आणि नंतरचं सगळं माप चुकतं.

२. फ्रेम जुळवा आणि लिव्हर हळूहळू बंद करत न्या. पहिला अर्धा प्रवास मोकळा आणि अर्ध्या वाटेपासून वाढत जाणारा विरोध, ही बरोबर खूण. शेवटी तळहाताचा स्पष्ट जोर लागला पाहिजे. एका बोटाने मिटणारी लिव्हर सैल समजा. दोन्ही हात आणि अंगाचं वजन लागत असेल तर ती जास्त घट्ट आहे, आणि तेही वाईटच, कारण त्याने लिव्हरचा दांडा किंवा तिचा बोल्ट तुटतो.

३. लिव्हरच्या यंत्रणेतच ताण बदलणारा नट किंवा बोल्ट असतो. मॉडेलनुसार त्याला ८ किंवा १० मिमीचा पाना नाहीतर अ‍ॅलन की लागते. लॉकनट असेल तर आधी तो ढिला करा. एका वेळी पाव फेराच फिरवा, लिव्हर बंद करून बघा, लागला तर आणखी पाव फेरा. एकदम पूर्ण फेरा देऊ नका.

४. लॉकनट आवळा, वरची बोटाची तपासणी पुन्हा करा. मग नट आणि बोल्टवरून नेलपॉलिशची एक बारीक आडवी रेघ ओढा. पुढे कधी रेघेचे दोन तुकडे झालेले दिसले की नट सरकला हे नुसत्या नजरेला कळतं.

५. लिव्हर चुकून उघडू नये म्हणून असलेला सेफ्टी खटका आपोआप बसतो का पाहा. तो धुळीने अडकतो. टूथब्रशने साफ करा, त्याच्या पिनेला पातळ तेलाचा एक थेंब द्या. खटका बसत नसेल तर सायकल बाहेर काढू नका.

तेल कुठे द्यायचं याचा नियम सरळ आहे. पिनेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एक-एक थेंब, लिव्हरच्या खिळीला एक थेंब, बाहेर आलेलं लगेच पुसून टाकायचं. तोंडांवर तेल-ग्रीस थापू नका, त्यावर रस्त्याची धूळ चिकटते आणि ती काचकागदाचं काम करते.

नट पूर्ण आवळूनही सांधा हलत असेल तर लिव्हर उघडी ठेवून फ्रेमचा पुढचा भाग हाताने वर-खाली हलवून पाहा. हालचाल पिनेतच असेल तर पिन किंवा तिचं बुश झिजलं आहे. ते घरचं काम नव्हे, कंपनीच्या सेवा केंद्रात दाखवा.

दोन-तीन महिन्यांतून एकदा सांध्याभोवतीचं वेल्डिंग तपासा. आधी साबणाच्या पाण्याने आणि टूथब्रशने जागा स्वच्छ करा, कोरडी पुसा. खोलीतला दिवा मालवून टॉर्च नळीला जवळजवळ समांतर धरा. उजेड असा तिरका पडला की केसाएवढी रेघही सावली टाकते. रेघ दिसली की त्यावरून नख आडवं फिरवा. रंगावरचा ओरखडा बहुधा कुठेही, कसाही गेलेला असतो. तडा मात्र वेल्डिंगच्या कडेला धरून चालतो आणि त्याला नख अडतं. खात्री नसेल तर जागा अल्कोहोलने पुसून एक-दोन दिवस सायकल अगदी जपून, घराजवळ हळू चालवण्याचा मोह होतो. तो टाळा. शंका आली की सायकल उभी ठेवायची आणि जाणकाराला दाखवायची. लोखंडी फ्रेमवर तड्याच्या जागी रंगाखालून गंजाचा ओघळ येतो, अ‍ॅल्युमिनियमवर बारीक काळी रेघ दिसते. तडा गेलेली अ‍ॅल्युमिनियम फ्रेम गल्लीतल्या वेल्डरकडून जोडून घेऊ नका. ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद वेल्डिंगनंतरच्या उष्णता-प्रक्रियेतून येते. नुसतं जोडलेलं अ‍ॅल्युमिनियम जोडाच्या शेजारी मऊ पडतं आणि पुन्हा तिथेच तुटतं.

हँडलपोस्ट

मुठीपासून खालचा सांधा हातभर लांब असतो. ब्रेक दाबल्यावर किंवा चढावर हँडल ओढल्यावर तुमचा जोर या अंतरामुळे कैक पटींनी वाढून त्या छोट्या सांध्यावर पडतो. फ्रेमच्या बिजागरीपेक्षा हा सांधा आधी ढिला होतो तो यामुळेच. त्याची लिव्हर वरच्याच पद्धतीने तपासा आणि पाव-पाव फेऱ्याने जुळवा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलली आणि पुढच्या भागात खडखड लागली, तर ती हँडलपोस्टच्या सांध्याची, हेडसेटची म्हणजे फोर्कच्या बेअरिंगची, किंवा ब्रेकच्या बाहूंची, तिन्हींपैकी कशाचीही असू शकते. वेगळं असं करा. बोट आधी हँडलपोस्टच्या फटीवर ठेवा, मग हेडसेटचा खालचा कप आणि फोर्कचा माथा यांच्यामधल्या फटीवर. जिथे टक लागते तो भाग दोषी. दोन्हीकडे काही लागत नसेल तर पुढचं चाक काटकोनात वळवा आणि ब्रेक दाबून पुन्हा ढकला. आता खडखड थांबली तर ती ब्रेकच्या बाहूंची होती. तशी थोडी ढिलाई जुन्या व्ही-ब्रेकमध्ये असतेच, तिने घाबरायचं कारण नाही.

हेडसेट ढिला असेल तर हँडलपोस्ट दुमडा. अनेक मॉडेलांत त्याच्या बुडात आत खोल एक मोठा बोल्ट दिसतो, त्याला लांब दांड्याची अ‍ॅलन की लागते. क्रम महत्त्वाचा: आधी बुडाचा आडवा क्लॅम्प ढिला करायचा, मग आतला बोल्ट थोडा थोडा आवळून खडखड जाईपर्यंत न्यायचा, मग क्लॅम्प पुन्हा आवळायचा. क्लॅम्प ढिला न करता आतला बोल्ट पिळला तर काहीच सरकत नाही, नुसते आटे खराब होतात. झाल्यावर पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि हँडल सोडून द्या. ते दोन्ही बाजूंना सहज वळलं पाहिजे. मध्येच अडखळत असेल तर जास्त आवळलं गेलं आहे. काही कंपन्यांची रचना वेगळी असते, त्यामुळे बोल्टला हात लावण्याआधी मॉडेलचं मॅन्युअल उघडा.

शेवटी पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल जोराने पिळा. चाक स्थिर राहून हँडल एकटं वळलं तर क्लॅम्प पुरेसा आवळलेला नाही. वळणावर हेच झालं तर पडणं चुकत नाही.

सीटपोस्ट खाली का घसरतो

फोल्डिंगचा सीटपोस्ट लांब, जाड आणि रोज वर-खाली होणारा. चालवताना तो हळूहळू खाली उतरतो, ही बहुधा सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. लोक क्लॅम्प आणखी आवळतात, मग लिव्हर तुटते. खरं कारण बहुतेक वेळा तेलकटपणा असतो. साध्या सायकलमध्ये सीटपोस्टला ग्रीस लावतात, कारण तो वर्षानुवर्षं हलत नाही आणि जाम होतो. इथे तो रोज हलतो, त्यामुळे जाम होण्याची भीती कमी आणि ग्रीसमुळे घसरण्याचीच जास्त.

पोस्ट पूर्ण बाहेर काढा. अल्कोहोलने पुसा. काठीला चिंधी गुंडाळून तीही अल्कोहोलमध्ये भिजवून सीट ट्यूब आतून पुसा. आत प्लास्टिकची बाही असेल तर ती तडकली किंवा चकाकून गुळगुळीत झाली आहे का पाहा. चकाकी आली असेल तर बारीक काचकागद हलक्या हाताने फिरवला की पुन्हा पकड येते, तडकली असेल तर नवीन घ्या. कोरडं बसवा, लिव्हर अर्ध्या वाटेपासून जड जाईल इतका क्लॅम्पचा नट आवळा. नवीन पोस्ट किंवा बाही घेताना व्यास पोस्टवर कोरलेला वाचा. ३३.९ आणि ३१.८ मिमी अशी जवळजवळची मापं चालू आहेत आणि ती एकमेकांना चालत नाहीत.

पोस्टवर कमीत कमी आत राहायची एक रेघ असते. ती बाहेर दिसत असेल तर सीट खाली घ्या. उंच माणसाने जास्त लांबीचा पोस्ट घ्यावा. रेघेपलीकडे ओढलेला पोस्ट फ्रेमची नळी वरून फाडतो. बुडाला रबरी बूच असेल तर ते हरवू देऊ नका. घडी घातल्यावर अनेक मॉडेलं पोस्टच्या टोकावर उभी राहतात, आणि बूच नसलं की नळीत चिखल-पाणी वर चढतं.

केबल आणि घडी

घडी उघडल्यावर अचानक गिअर उड्या मारू लागले तर डिरेलरच्या, म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाच्या, स्क्रूंना हात लावू नका. आधी केबलवरून नजर फिरवा. घडी घालताना केबलचं आवरण ओढलं जातं आणि उघडताना त्याचं टोक फ्रेमवरच्या खाचेत नीट न बसता कडेवर अडकून राहतं. दोन-तीन मिलीमीटरचा हा फरक गिअरचं सगळं गणित बिघडवतो. टोक दाबून खाचेत बसवलं की काम संपलं.

दुसरी जागा बिजागरीच्या शेजारची. घडी अगदी सावकाश घाला आणि प्रत्येक केबल कुठून कशी वाकते ते पाहा. जिथे ती बिजागरीच्या तोंडांत सापडते किंवा काटकोनात मोडते, तिथलं आवरण काही महिन्यांत फाटतं, पाणी आत जातं आणि वायर गंजते. फ्रेमला केबल बांधणारा प्लास्टिक टाय एक-दोन इंच पुढे-मागे केला तर वळण मोठं होतं. सांध्यावरून जाताना केबलला थोडी सैल कमान हवीच. नीटनेटकं दिसावं म्हणून आवरण आखूड कापलं तर हँडल वळवताच मागचा ब्रेक लागतो.

वायर बदलताना ब्रेकची साधारण १.५ ते १.६ मिमी आणि गिअरची १.१ ते १.२ मिमी लागते. आवरणंही वेगळी: ब्रेकचं ५ मिमीचं, आत गुंडाळलेल्या पट्टीचं; गिअरचं बहुधा ४ मिमीचं, आत सरळ तारांचं. गिअरचं आवरण ब्रेकला कधीही वापरू नका. ब्रेकच्या दाबाखाली त्यातल्या सरळ तारा फाकतात, आवरण फुटतं आणि ब्रेक ऐन वेळी जातो.

टायर, ट्यूब, पंक्चर

२० × १.७५ चाकाचा घेर साधारण दीड मीटर. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ६६० फेरे. ७०० सी, म्हणजे मोठ्या सायकलच्या, चाकाला तेवढ्याच अंतरात ४७० च्या आसपास पुरतात. टायर, रिम आणि हबमधले, म्हणजे चाकाच्या मध्यभागातले, छर्रे याच हिशेबाने लवकर झिजतात. शिवाय लहान ट्यूबमध्ये हवाच थोडी मावते, त्यामुळे तेवढीच हवा गळाली तरी दाब भरभर उतरतो. आठवड्याला एकदा गेजने मोजा, अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका. किती दाब हवा ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. अशा रुंद टायरवर बहुधा ४० ते ६५ पीएसआयच्या दरम्यानचे आकडे असतात. जड माणसाने किंवा सामान नेणाऱ्याने वरच्या आकड्याजवळ राहावं, खडबडीत रस्त्यावर थोडं खाली. कमी हवेने खड्ड्यात रिम आपटते आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडी दिसली तर खिळा शोधत बसू नका, हवा वाढवा.

‘२० इंच’ एवढं सांगून टायर-ट्यूब आणू नका. २० इंचांत ४०६ आणि ४५१ अशी दोन प्रचलित मापं आहेत (रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिमीमध्ये), १६ इंचांत ३०५ आणि ३४९. ती एकमेकांत बसत नाहीत. टायरवर ४७-४०६ असा आकडा कोरलेला असतो, तो फोनमध्ये फोटो काढून ठेवा. ४०६ ची एक सोय आहे: मुलांच्या २० × २.१२५ सायकलींना तेच माप लागतं, त्यामुळे तालुक्याच्या गावीही ट्यूब मिळते. ४५१ वाल्यांनी मात्र एक जादा ट्यूब घरी ठेवावी.

पंक्चरसाठी मागचं चाक काढायची गरज बहुधा पडत नाही. हवा सोडा, टायरची एक कड अंगठ्यांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, म्हणजे समोरच्या बाजूला ढिलाई मिळते आणि लिव्हर सहज जातो. लहान टायर घट्ट बसलेले असतात. ही युक्ती न केल्याने लिव्हर मोडतात आणि ट्यूब चिमटली जाते. ट्यूब बाहेर ओढा, हवा भरा, घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधा. भोकाभोवती काचकागद मारा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं वाळू द्या. ओलं असताना टिकली चिकटवली तर ती दुसऱ्याच दिवशी सुटते. टायर परत चढवण्याआधी आतून बोटं सावकाश फिरवा आणि काटा, काच किंवा तार शोधून काढा. ती तशीच राहिली तर नवं पंक्चर ठरलेलं.

चाकाचा आउट

चाक फिरवून ब्रेकच्या रबराकडे पाहा. रिम रबराच्या जवळ-लांब होत असेल तर आउट आहे. रिम उजवीकडे येते त्या जागी डाव्या बाजूच्या हबकडून येणारा स्पोक पाव फेरा आवळा आणि शेजारचा उजवा पाव फेरा ढिला करा. लहान चाकाचे स्पोक आखूड आणि ताठ असतात, पाव फेऱ्याचाही परिणाम मोठा दिसतो. एका जागी अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त एकदम जाऊ नका. टायरच्या बाजूने पाहिलं तर निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाचा छोटा नट) घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर स्पोक आवळला जातो. उलट्या बाजूने पाहून उलटं फिरवणं, ही नवख्याची नेहमीची चूक. २ मिमीपर्यंतचा आउट घरी निघतो. रिम खड्ड्यात आपटून चेपली असेल तर स्पोकने ती सरळ होत नाही. नवं पुढचं चाक घेताना हबची रुंदी मोजा. डाहोन-टर्नच्या अनेक मॉडेलांत ती ७४ मिमी असते, सर्वसाधारण १०० मिमीचा हब त्यांत बसत नाही.

चेन आणि गिअर

चेन आणि डिरेलर २० इंची सायकलवर जमिनीच्या फार जवळ असतात. डबक्यातलं पाणी थेट त्यांच्यावर उडतं. म्हणून साध्या सायकलपेक्षा दुप्पट वेळा साफ करा. चिंधीवर थोडं रॉकेल घ्या, चेन चिमटीत धरा आणि पेडल उलटं फिरवा, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. रॉकेल पूर्ण वाळू द्या. मग चेनच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. तेल रोलरच्या आत हवं, बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं. शिवणयंत्राचं तेल पहिल्या पावसात वाहून जातं, गाडीचं इंजिन ऑइल धुळीचा काळा लगदा करतं. चेनचंच तेल घ्या, छोटी बाटली पुष्कळ दिवस पुरते. फोल्डिंग सायकल घरात, गाडीच्या डिकीत, लोकलमध्ये कपड्यांजवळ वावरते, म्हणून पुसण्याचं काम इथे अधिकच मनापासून करायचं.

झीज मोजायची तर पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि तिथून विसावी पिन पाहा. नव्या चेनमध्ये ती बरोबर २५४ मिमीवर येते. २५६ वर गेली की चेन बदला. उशीर केला तर मागचे दातेही खराब होतात आणि नवी चेन त्यांच्यावर घसरते. लहान चाकाला वेग मिळवायला सगळ्यात छोटं दातेरी चाक जास्त वापरलं जातं, ११ ते १४ दात्यांचं. थोड्या दात्यांवर तोच भार पडतो, त्यामुळे जोर दिल्यावर चेन तिथेच आधी निसटते.

गिअर जुळवण्याची पद्धत साधी आहे. चेन मोठ्या दातेरी चाकावर चढायला कुरकुरत असेल तर केबल सैल आहे. डिरेलरच्या मागचा गोल बॅरल घड्याळाच्या उलट अर्धा फेरा फिरवा. लहान चाकावर उतरायला वेळ लावत असेल तर केबल जास्त ताणलेली आहे किंवा आवरणात अडकते आहे. आधी आवरण तपासा, मग बॅरल उलटा फिरवा. ‘एच’ आणि ‘एल’ हे दोन स्क्रू फक्त टोकाच्या मर्यादा ठरवतात. चेन टोकाबाहेर पडत असेल किंवा टोकाच्या चाकावर जातच नसेल तरच त्यांना हात लावा.

सगळं जुळवूनही गिअर बसत नसतील तर मागून, डोळा चाकाच्या उंचीवर आणून पाहा. डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या मागच्या दातेरी चाकांना समांतर दिसल्या पाहिजेत. खालची चकती आत झुकली असेल तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकला आहे. सायकल घडी करून उजव्या कुशीवर टाकल्याने किंवा घडी केलेली सायकल कोणाच्या धक्क्याने पडल्याने हे घडतं. प्रवासाआधी चेन मागच्या सर्वांत मोठ्या चाकावर घेतली की डिरेलर आत सरकतो आणि मार चुकतो.

ब्रेक

व्ही-ब्रेकचं रबर रिमपासून १ ते २ मिमी लांब, पूर्ण रिमवर टेकणारं, टायरला न शिवणारं असावं. किंचाळत असेल तर रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा अर्धा-एक मिमी रिमजवळ आणा आणि रिम अल्कोहोलने पुसा. एक बाजू घासत असेल तर त्या बाहूच्या बुडाचा छोटा स्क्रू आत फिरवा, बाहू रिमपासून दूर जातो. रबरावरच्या खाचा पुसल्या गेल्या की नवीन घाला, आणि जुन्यात रुतलेले धातूचे कण दिसले तर रिमही खरवडली आहे का ते बोटाने चाचपा.

करकर कुठून येते

सीटवरून उठून पेडल मारा. आवाज थांबला तर सीटपोस्ट किंवा सीटचा क्लॅम्प. न थांबता फक्त जोर दिल्यावर येत असेल तर पेडल, क्रँक (पेडल धरणारा दांडा) किंवा बॉटम ब्रॅकेट (क्रँकची फ्रेममधली बेअरिंग). पेडल न मारता हँडल ओढल्यावर येत असेल तर हँडलपोस्ट. क्रँकचा दांडा धरून आडवा हलवा. एकच दांडा हलला तर त्याचा बोल्ट ढिला, दोन्ही एकत्र हलले तर बॉटम ब्रॅकेट गेला. क्रँकच्या बोल्टला आणि पेडलला साधारण ४० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे २० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकावर २० किलोचा जोर. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं. घडीचं पेडल स्वतःच खिळखिळं होतं. ते दुरुस्त करत बसू नका, जोडी बदला.

पावसाळा आणि किनारा

पावसात भिजून आल्यावर सायकल घडी करून पिशवीत घालू नका. उघडी ठेवा, सीटपोस्ट काढून बाहेर ठेवा, म्हणजे सीट ट्यूबमधलं पाणी सुकेल. चेन पुसून तेल द्या. बिजागरीची तोंडं कोरडी करा. लोखंडी पिन आणि अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम यांच्यात खारं पाणी साचलं की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी सुटते आणि पिन जाम होते. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या समुद्राजवळ हे फार लवकर घडतं. तिथे महिन्यातून एकदा साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने सांधे पुसून, सुकवून, पिनेला तेल द्या. दाबाच्या फवाऱ्याने सायकल धुवू नका, ते पाणी हबच्या आणि हेडसेटच्या ग्रीसमध्ये शिरतं. घडी धरून ठेवणाऱ्या चुंबकावर लोखंडाचा चुरा चिकटतो आणि पकड सुटू लागते. चिकटपट्टीचा तुकडा दाबून ओढला की तो निघून येतो. महिनाभर वापर नसेल तर सायकल उघडी, टायरमध्ये पूर्ण हवा भरून, जमिनीवरून थोडी उचलून ठेवा. घडीत ठेवावीच लागली तर केबलचं वळण बिजागरीत चिमटलेलं नाही हे एकदा हाताने सोडवून पाहा.